मासे तरंगले त्या दिवशी रंकाळ्यावर

वळवाचा पहिला दणकट पाऊस संध्याकाळी पडून गेला, की दुसऱ्या दिवशीची पहाट कुठल्याही शहरी तळ्याला जड जाते. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला मैला आणि गाळ एका लोंढ्यात तळ्यात येतो. तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन भराभर संपवतात. गार पावसाने वरचं कोमट पाणी थंड होतं, वारा ते ढवळतो, आणि तळाशी ऑक्सिजनविना पडून राहिलेलं काळं पाणी वर येतं. त्यात आदल्या दुपारपासून आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे शैवालाने दिवसा ऑक्सिजन कमी बनवलेला असतो. रात्रभर ते स्वतः मात्र ऑक्सिजन घेतच राहतं. हे सगळं एकत्र येऊन पाण्यातला ऑक्सिजन पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान सर्वांत कमी होतो. मासे मरतात ते याच वेळेला. आणि नेमका याच वेळेला कोल्हापूरकर रंकाळा तलावावर फिरायला बाहेर पडतो.

आमच्या गटाचं काम तेव्हा दुहेरी होतं. अर्धे जण पाण्याचे नमुने घेत, अर्धे माणसं मोजत आणि त्यांच्याशी बोलत. तळ्याच्या पाण्याबद्दल लोकांना जी भीती वाटते तिचा तिथल्या वावरावर काय परिणाम होतो, आणि ती भीती खऱ्या धोक्याशी कितपत जुळते, हे आम्हाला पाहायचं होतं. शंभर हेक्टरांहून मोठं पाणी, राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पूर्वी झालेला समावेश, गावाला लागून चौपाटी आणि भेळेच्या गाड्या, पलीकडे शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ. चालणारे, बसणारे, पोहणारे, गळ टाकणारे, म्हशी धुणारे असे सगळे जण एकाच काठावर सापडतात.

माणसं मोजायची रीत साधी आहे, पण ती पाळली नाही तर आकडे फुकट जातात. जागा ठरलेली हवी. दर तासाला दहा मिनिटंच मोजायचं आणि एका दिशेने जाणारेच मोजायचे, नाहीतर फेरी मारून परतणारा दोनदा लागतो. नोंदवहीत पाच रकाने: चालणारे, कठड्यावर किंवा पायऱ्यांवर बसलेले, पाण्याला हात-पाय लावणारे, पूर्ण पाण्यात उतरलेले, आणि गळवाले. वर हवामान, वाऱ्याची दिशा, वास आहे की नाही. तुलना मंगळवारची मंगळवारशी आणि रविवारची रविवारशी. सुट्टी, परीक्षा आणि क्रिकेटचा सामना यांची वेगळी खूण करावी लागते. भारताचा सामना असला की काठ ओस पडतो आणि त्यात पाण्याचा काही संबंध नसतो.

अशाच एका पावसानंतरच्या त्या पहाटे साडेपाचला पदपथावरून पाहिलं तर कडेला पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. साताच्या आत गोष्ट पसरली. “आवो सायब, रात्री कुणीतरी औषध टाकलंय म्हनं तळ्यात,” असं पहिल्यांदा एका चहावाल्याने सांगितलं. आठपर्यंत त्या ‘कुणीतरी’ला जात, पक्ष आणि गाडीचा नंबर मिळाला होता.

विषबाधा की घुसमट, हे प्रयोगशाळेत जाण्याआधी काठावरच बऱ्यापैकी कळतं. मेलेले मासे जाळीने काढायचे आणि जातीप्रमाणे, आकाराप्रमाणे वेगळे मांडायचे. ऑक्सिजन संपला असेल तर आधी मोठे मासे जातात, कारण मोठ्या अंगाला तो जास्त लागतो आणि कल्ल्यांचं क्षेत्र त्या मानाने कमी पडतं. तोंड उघडं, कल्ले फाकलेले असतात. कटला, रोहू लवकर मरतात. चिलापी चिवट, ती पृष्ठभागावर येऊन तोंडाने वरचा पाण्याचा थर ओढत राहते. मरळ तर थेट हवेतून श्वास घेते, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनची फारशी फिकीर नसते. कीटकनाशक पडलं असेल तर चित्र उलटं दिसतं: बारीक पिल्लं, पाण्यातले किडे, बेडूक, मरळ, सगळंच जातं, आणि ते दिवसाच्या कुठल्याही वेळी. आमच्या ढिगात मोठे कटले होते, मरळ एकही नव्हती, आणि काठाच्या गवतात पाणकिडे मजेत फिरत होते.

तरी पाण्यातला ऑक्सिजन मोजायलाच हवा. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि मेलेलं पाणी कागदावर जिवंत दिसतं. मग पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन १ मिलिलिटर मँगनस सल्फेट, तसंच १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. साका बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल टाकून तो विरघळवायचा आणि त्यातलं २०० मिलिलिटर पाणी ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने मोजायचं. रंग फिका झाला की स्टार्च टाकायचा आणि निळा रंग उडेपर्यंत थेंब सोडायचे. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर, हिशेब इतका सरळ. मीटरने हे एका मिनिटात होतं, पण मीटरचं पातळ पटल घाण झालं की तो बिनधास्त खोटं सांगतो, म्हणून अशा दिवशी बाटली हवीच.

या बाटलीचा आणखी एक उपयोग आहे, जो पाठ्यपुस्तकात लिहिलेला नसतो. नाल्याच्या मुखाजवळचं पाणी आणि शालिनी पॅलेसच्या बाजूचं पाणी अशा दोन बाटल्या आम्ही पायरीवर शेजारी ठेवल्या. एकीत साका जवळजवळ पांढरा, दुसरीत तपकिरी. भोवती जमलेल्यांना वाचून दाखवायला काही लागलं नाही. “म्हंजे गुदमरले व्हय?” एका म्हाताऱ्या पोहणाऱ्या काकांनी विचारलं, आणि त्या घोळक्यापुरती विषाची गोष्ट तिथेच संपली. घोळक्यापुरतीच. पलीकडच्या रंकाळा टॉवरपर्यंत ती पोचलेली होती, आणि तिथे आमच्या बाटल्या नव्हत्या.

नमुने घेणाऱ्यांच्या हातात रबरी मोजे असतात, तोंडावर मास्क, सोबत बर्फाची पेटी. सूक्ष्मजीव तपासणीसाठी ते आवश्यकच आहे: निर्जंतुक बाटली, पाण्याच्या पातळीखाली सुमारे ३० सेंटिमीटर तोंड नेऊन उघडायची, हाताचा स्पर्श नको, लगेच बर्फात आणि शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत. पण मोजे चढवलेले चार जण पायरीवर उतरले तशी शेजारच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं उठून गेली. मोजणी करणाऱ्यांनी ते रकान्यात टिपलं. मेलेले मासे दिसत होते तेव्हा तीच माणसं बसून गप्पा मारत होती. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापेक्षा, त्या पाण्याशी जाणकार कसे वागतात यावर लोक धोका जोखतात. याचा व्यवहारात अर्थ असा, की एकाने मोजे न घालता मोकळं उभं राहून लोकांशी बोलायचं, तो नमुन्यांना हात लावणार नाही, आणि नमुने घेण्याची पहिली फेरी चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत आटपायची.

दहा वाजता ऊन पडलं. दुपारी दोनला त्याच जागी ऑक्सिजन पुन्हा मोजला तर पुरेसा होता. शैवालाने ऊन मिळताच काम सुरू केलं होतं. २७ अंशांच्या पाण्यात कोल्हापूरच्या उंचीवर लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, हिरव्या तळ्यात दुपारी तो त्याच्याही वर जातो. म्हणून अहवालात वेळ लिहिलेली नसेल तर ऑक्सिजनचा आकडा वाचूच नये. दुपारी घेतलेल्या नमुन्यावर ‘पाणी उत्तम’ असा शेरा मारणारे अहवाल पाहिले आहेत. त्याच पाण्यात पहाटे मासे मरतात.

दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला आणि हिरवी साय गावाकडच्या काठाला येऊन दाटली. खरं काळजीचं प्रकरण हे होतं, आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. रंकाळ्यात उन्हाळ्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शैवालांपैकी मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ते वर तरंगतं आणि वारा नेईल तिकडे गोळा होतं. तळ्याच्या मध्यावर जेवढं असतं त्याच्या शेकडो पट एखाद्या घाटाच्या कोपऱ्यात जमू शकतं. त्यातलं मायक्रोसिस्टिन हे विष यकृताला अपाय करतं आणि त्याला ना रंग ना वास. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातल्या खेळांसाठी त्याची मर्यादा लिटरला २४ मायक्रोग्रॅम धरली आहे. काठावर ओळखायची युक्ती काडीची: काडी फिरवून उचलली आणि हिरवे धागे लोंबकळत आले तर ते साधं शेवाळ, काडीला फक्त हिरवा रंग माखला तर लांब राहा. खात्री करायची तर बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा, हा प्रकार सकाळी वर येऊन बसतो. अशा सायीजवळ जनावरांना पाणी पाजू नये.

लोक मात्र बोलत होते वासाबद्दल. तळाचं पाणी वर आलं की हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. आपलं नाक हा वायू अपायकारक पातळीच्या कितीतरी खाली ओळखतं, त्यामुळे उघड्या काठावर तो त्रासदायक असतो, धोकादायक क्वचितच. उन्हाळ्यातला मातकट वास जिऑस्मिन या रसायनाचा. तो लिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही जाणवतो आणि स्वतः विषारी नसतो. उलट मैल्यातल्या जंतूंना वास नाही, शैवालाच्या विषाला वास नाही, उंदीर आणि जनावरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोस्पायरा या जंतूला वास नाही. नाकाने तळं जोखणारा माणूस म्हणूनच दोन्हीकडून फसतो: घाबरायचं कारण नसताना पळतो, आणि केंदाळ (जलपर्णी) काढून पाणी निवळशंख दिसू लागलं की पोरांना घेऊन उतरतो. केंदाळ काढल्यानंतरच्या आठवड्यांत काठावर गर्दी वाढते हे मोजणीत स्वच्छ दिसतं. नाल्यातून येणाऱ्या जंतूंचं केंदाळाशी देणंघेणं नसतं.

संध्याकाळी सहाला चौपाटीवरचे रकाने भरताना दिवसभरातली सर्वांत ठळक गोष्ट समोर आली. बायका-मुलांना घेऊन भेळ खायला येणारी कुटुंबं जवळजवळ नव्हती. पदपथावर चालणारे विरळ. पाण्याला शिवण्याचाही प्रश्न नसलेली ही माणसं आधी गेली. पोहणारे मात्र सकाळी नेहमीप्रमाणे उतरले होते आणि गळवाले संध्याकाळीही बसून होते. एकदोघांनी तरंगणारे मासे पिशवीत भरूनही नेले. “आमी ल्हानपनापास्नं पवतोय हितं, काय हुत न्हाई,” हे उत्तर पोहणाऱ्यांकडून ठरलेलं असतं. त्यात तथ्यही थोडं आहे: रोजच्या वापराने त्यांना तळ्याच्या जागा माहीत असतात, कुठे नाल्याचं पाणी येतं, कुठे पाय कापतो. पण त्यांचा अनुभव बचावलेल्यांचा आहे. ज्याला कावीळ झाली तो त्या घोळक्यात पुन्हा येत नाही, आणि आला तरी दोष गाड्यावरच्या खाण्याला देतो.

काविळीची भीती या भागात उगीच नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती पिण्याच्या पाण्यातून पसरली होती. ती आठवण कोल्हापूर परिसरात अजून जागी आहे आणि ‘दूषित पाणी’ हे दोन शब्द ऐकले की तीच आठवते. फक्त ती चुकीच्या ठिकाणी लागू होते. ती कावीळ तोंडावाटे पोटात गेलेल्या पाण्याने होते. कठड्यावर बसून भेळ खाल्ल्याने तळ्याचं पाणी पोटात जात नाही, पोहताना जातं. पोहण्याच्या तलावात केलेल्या एका अभ्यासात पाऊण तासात मोठ्या माणसाच्या पोटात सरासरी १६ मिलिलिटर, तर मुलांच्या पोटात ३७ मिलिलिटर पाणी गेल्याचं आढळलं होतं. कुटुंबं घरी आणि पोरं पाण्यात, ही त्या दिवशीची स्थिती धोक्याच्या हिशेबाने अगदी उलटी होती.

काठावर विचारपूस करताना आणखी एक अडचण येते. जे यायचे थांबले ते काठावर भेटतच नाहीत. म्हणून आमचे लोक दुसऱ्या दिवसापासून गंगावेश, शिवाजी पेठ, फुलेवाडी, साने गुरुजी वसाहत अशा भागांत घरोघरी गेले. प्रश्न कसा विचारायचा हेही ठरलेलं होतं. ‘रंकाळ्याचं पाणी दूषित वाटतं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच रंगाने येतात. त्याऐवजी आधी ‘गेल्या आठवड्यात रंकाळ्यावर गेला होता का, किती वेळ थांबला, पाण्याजवळ गेला का’ हे विचारायचं, मग ‘गेला नसाल तर का’, आणि पाण्याचा विषय त्यांनी काढला तरच पुढे. असं विचारल्यावर कारणांची रांग वेगळी लागली. वास आणि मेलेले मासे होतेच, पण बायकांच्या उत्तरांत संध्याकाळचा अंधार आणि रिकामा पदपथ वारंवार आला. “मानसं न्हाईत म्हटल्यावर तिकडं कशाला जायचं?” असं एका मावशींनी सरळ सांगितलं. पाण्याच्या भीतीने पहिले लोक जातात आणि ते गेले या भीतीने दुसरे. दुसरी लाट पाणी सुधारल्यावरही लवकर ओसरत नाही.

आता नमुन्यांचं. मैल्यातल्या जंतूंची चाचणी बहुनलिका पद्धतीने होते. पाण्याचे तीन वेगवेगळे प्रमाण, प्रत्येकी पाच नळ्या, ३५ अंशांवर २४ ते ४८ तास. ज्या नळ्यांत वायू धरला त्यांतलं थोडं ईसी नावाच्या जंतू वाढवायच्या माध्यमात, ४४.५ अंशांवर आणखी २४ तास. म्हणजे मंगळवारच्या पाण्याचा निकाल शुक्रवारी. भारतात आंघोळीच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) १०० मिलिलिटरला ५०० असावेत, जास्तीत जास्त २,५०० चालतील, शिवाय लिटरला ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत, असे निकष आहेत. नाल्याच्या तोंडचा नमुना निकषाबाहेर होता, त्यात नवल नव्हतं. शालिनी पॅलेसच्या बाजूचा कमाल मर्यादेच्या आत होता. पण हा आकडा हाती आला तेव्हा ते पाणी केव्हाच इकडचं तिकडे झालेलं होतं, आणि अफवेला तासही लागला नव्हता.

म्हणून काठावरची सूचना प्रयोगशाळेच्या निकालावर टांगून ठेवता येत नाही. ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर बांधावी लागते: गेल्या ४८ तासांत मोठा पाऊस झाला का, नाला वाहून तळ्यात आला का, काठाला रंगासारखी साय आहे का. यातलं एकही ‘हो’ असेल तर पोहणं बंद. प्रयोगशाळा मागाहून सांगते की नियम बरोबर चालतोय की नाही.

आधीच्या फलकावर ‘पाणी दूषित आहे, सावध राहा’ एवढंच होतं. तारीख नाही, आणि काय करू नये तेही नाही. असा फलक वर्षभर उभा राहिला की पोहणारा त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो, आणि बाहेरगावहून आलेलं कुटुंब तो वाचून गाडीतच बसून राहतं. सगळीकडे असेच फलक असतात याचं आश्चर्य वाटत नाही. लिहिणाऱ्याची जबाबदारी संपवायला ते पुरेसे असतात. नवा मजकूर कृतीप्रमाणे केला. चालणं, बसणं, खाणं: हरकत नाही, खाण्याआधी हात नळाच्या पाण्याने धुवा. नौका: हरकत नाही, पाणी तोंडात जाऊ देऊ नका. गळ: तरंगणारा मासा घेऊ नका, हिरव्या सायीतला मासा आतडी-काळीज काढून टाकल्याशिवाय शिजवू नका. पोहणं: अमुक तारखेपर्यंत नको, पायाला जखम असेल तर पायरीवरही पाण्यात उभं राहू नका. खाली आजची तारीख, खडूने. उंची पायरीवर बसलेल्याच्या डोळ्याइतकी, आणि जागा पायऱ्या उतरायच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला नव्हे.

भेळवाल्यांचा आधी विरोध होता, त्यांना ‘पोहू नका’ हेच मोठं दिसत होतं. वरच्या ओळीतलं ‘खाणं: हरकत नाही’ वाचून दाखवल्यावर त्यातल्याच एकाने रोज तारीख बदलायचं काम अंगावर घेतलं. पोहणाऱ्यांची हरकत वेगळी आणि जास्त मुद्द्याची होती: “सगळा रंकाळा कशाला बंद? नाला हितं, आमी तिकडं.” बाटल्यांतला तपकिरी आणि पांढरा साका त्यांनीही पाहिला होता. मग एक मोठा फलक काढून घाटाघाटावर छोटे लावले, प्रत्येकावर त्या घाटापुरताच मजकूर. नाल्याजवळच्या घाटावर पावसाळा संपेपर्यंत पोहणं बंद, बाकी ठिकाणी पाऊस आणि साय पाहून. वारा बदलला की सायीचा घाट बदलतो, त्यामुळे खडू दोन ठिकाणी ठेवावा लागतो.